सुकायला वेळ

फोनवर बोलून गेलो, "दोन्ही तयार आहेत रे,
काचेच्या कपाटात उभी आहेत शेजारी शेजारी."
कुठ्ठाळीहून, बहिणीच्या घरून, कुस्तोद म्हणाला,
"मग उद्या चारला चहाला येतो. परवाचं विमान आहे."

कपाटात होते दोन खोके.
सतरा वर्षं न फोडलेले, वरचं प्लास्टिकही तसंच.
एकात सी हॉक, एकात सी हॅरियर,
बहात्तरास एक.
स्विंडनला जाताना त्यानंच आणून दिले होते,
"तुझा हात थिर, बाबुसो. कर वेळ मिळेल तेव्हा."
वेळ मिळाला होता.
तेच तर सांगता येत नाही.

संध्याकाळचे सात वाजलेले.
वास्कोत सप्ताहाचं भजन दुपारपासून उभं,
एक थकला की दुसरा टाळ घेतो,
उद्या दुपारपर्यंत खंड पडायचा नाही.
माझी पाळी घ्यायला कुणी नव्हतं.

डहाळीवरून आवळे तोडावेत तसे भाग तोडले,
नखाएवढी दारं, मुगाएवढी चाकं.
हॅरियरच्या कुशींना चार तोंडं असतात.
तळावर ती खरी कितीदा उतरवली आम्ही,
काळी, ऊन ऊन, एकानं धरायची, एकानं शिव्या द्यायच्या.
आता चिमट्यात एक धरलं
तर ते टुणकन उडालं, कपाटाखाली गेलं.
सुलक्षा टॉर्च घेऊन ओणवी झाली,
"हे वय आहे का," म्हणाली,
आणि केरसुणीनं बाहेर ओढून दिलं.

नाकात वजन लागतं, नाहीतर शेपटीवर बसतात ही.
खारीवाड्याच्या जाळ्यातली शिशाची गोळी
खिळ्यांच्या डब्यात होतीच, ठोकून दोन केल्या.
वैमानिक राहिला.
काच चिकटल्यावर आठवला, डब्याच्या झाकणात
हात मांडीवर ठेवून बसलेला.
जाऊ दे. आम्ही फिटर,
आम्हांला विमान रिकामंच ठाऊक.

पहाटे तीनला रंग.
श्रावणातली हवा, बरणीत मीठ पाझरतं,
राखाडी रंग कसला वाळतोय.
सुलक्षाचा केस वाळवायचा ड्रायर लावला, वीज गेली.
मग हॉक ठेवलं उकड्या तांदळाच्या डब्यात
आणि झाकणावर हात ठेवून बसून राहिलो,
आजारी माणसाशेजारी बसावं तसा.
लांबून भजन येत होतं. आवाज बदलला होता,
नवी माणसं बसली असावीत.

उजाडल्यावर तिरंगी वर्तुळं पाण्यात सोडली.
जुना कागद. एकाचे तीन तुकडे झाले,
हिरवं एकीकडे, केशरी तळाला.
शून्य नंबरच्या ब्रशनं एकेक जोडत गेलो.
बाराला नारळ फुटला असेल, मला कळलं नाही.
साडेतीनला हॅरियरला शेवटचा हात दिला.
देऊ नये होता.

चार म्हणजे चार. दारात कुस्तोद,
छत्री, पोट, फेरीतल्या खाज्यांची पुडी.
बराच वेळ कपाटासमोर उभा राहिला.
आधी हॉक घेतलं, उलटं केलं.
पोटाला एक तांदूळ चिकटलेला.
"ह्या भागाचो नंबर कितलो?"
मी चहा ढवळला.

मग हॅरियर उचललं.
डाव्या पंखावर त्याचा अंगठा
रेषांसकट उमटला.
त्यानं अंगठा पाहिला. राखाडी.
मग मला पाहिलं.

"सतरा वर्सां, बाबुसो, आनी अजून सुकूंक ना?"

"वास्कोची हवा," मी म्हटलं. "इथं काही सुकत नाही."

अंगठा त्यानं पुसला नाही.
दुसऱ्या हातानं खाजं मोडलं,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
जाताना हॉक नेलं रुमालात गुंडाळून, तांदळासकट.
हॅरियर परत कपाटात ठेवलं,
ठसा भिंतीकडे करून.

"सुकूं दी," म्हणाला,
आणि पायरीवर बसून
बराच वेळ चपला घालत राहिला.